जागलीवरची बंदूक



आपल्यापैकी कुणी रिसोडकडचे, कुणी मालेगावचे, कुणी मानोरा-कारंजाचे. पण ‘जागल’ हा शब्द कुणालाच समजावून सांगावा लागत नाही. पीक भरात आले की माळ्यावर रात्र काढायची, रोही आणि रानडुकरे हाकलायची. हाताशी गोफण, कंदील, वाजवायला रिकामा डबा. बंदूक गावात एखाद्याच घरी, तीही ठासणीची. रायफल का नव्हती, याचे उत्तर कायद्याच्या इतिहासात सापडते.

१८७८ च्या शस्त्र कायद्याने ब्रिटिश हिंदुस्थानात बंदूक बाळगायला परवाना लागू लागला. त्याच काळात अमेरिकेत १८७३ आणि १८९४ या सालांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या विंचेस्टर रायफली निघाल्या. चापाभोवतीची दांडी खाली-वर केली की रिकामे काडतूस बाहेर पडे आणि नवे नळीत जाई. तिकडच्या शेतकऱ्याच्या घरात अशी लिव्हरची रायफल सर्रास दिसे.

स्वातंत्र्यानंतर १९५९ चा शस्त्र कायदा आला आणि १ ऑक्टोबर १९६२ पासून लागू झाला. त्याच्या कलम १३ मध्ये पीक राखणीसाठी ठासणीच्या बंदुकीचा स्पष्ट उल्लेख आहे. रायफलीसाठी मात्र सबळ कारण पटवून द्यावे लागे. म्हणून शेतकऱ्याच्या वाट्याला ठासणीचीच बंदूक आली.

या दोन हत्यारांच्या नेमात मोठा फरक. रायफलीच्या नळीत आतून पिळाच्या खाचा असतात. गोळी गरगरत सरळ जाते. लिव्हरच्या रायफलीतही अडचण होतीच. काडतुसांची नळकांडी मुख्य नळीखाली कड्यांनी बांधलेली असते. नळी तापली की ताण बदलतो आणि नेम सरकतो. म्हणून हौशी शिकारी त्या कड्या ताठ बसू देत नसत आणि दोन बारांमध्ये नळी थंड होऊ देत.

ठासणीच्या बंदुकीची नळी आतून गुळगुळीत. सैल गोळी आतल्या आत आपटत बाहेर पडते आणि भलतीकडे जाते. इथे नेम सुधारायचा तो हाताच्या शिस्तीने: दारू दरवेळी सारख्याच मापाची, गोळी घट्ट बसेल अशी, गजाने ठासणे सारख्याच जोराने. काळ्या दारूची काजळी ओल धरते, म्हणून बार झाल्यावर नळी धुऊन, कोरडी करून तेलाचा हात. एवढे करूनही पल्ला थोडाच. बहुतेक बार आवाजासाठीच काढायचे, हे जागल्यालाही ठाऊक असे.

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीवर कडक बंधने आणली. आज आपल्याच जिल्ह्यात काळविटांसाठी कारंजा-सोहोळ अभयारण्य आहे. उभ्या पिकाची नासधूस करणाऱ्या काही प्राण्यांना मारण्याची परवानगी कलम ११ खाली मिळू शकते, तीही लेखी. काळवीट पहिल्या अनुसूचीत असल्याने पिकासाठी त्याला हात लावता येत नाही. अंधारात रोही कोणता आणि काळवीट कोणता, हे ओळखण्यावर आता एकीकडे पीक आणि दुसरीकडे तुरुंग अवलंबून आहे.

जागल संपलेली नाही. सोयाबीन-तुरीच्या शेतात ती आजही चालू आहे. तेव्हा कुणाच्या घरी आजोबांच्या नावाचा जुना परवाना असेल, तर तो रद्दीत घालू नका. आपल्या शेतीच्या इतिहासाचा तो एक कागद आहे.