शाळेच्या नकाशातलं स्वयंपाकघर

खासगी शाळेचं माहितीपत्रक उघडलं की पहिल्या पानावर कॅम्पसचा नकाशा असतो. स्मार्ट क्लासरूम, स्विमिंग पूल, रोबोटिक्स लॅब, स्केटिंग रिंक, चारही बाजूंनी उंच भिंत आणि सीसीटीव्ही. आपण तो नकाशा सोयींची यादी म्हणून वाचतो. पण प्रत्येक नकाशात न लिहिलेले काही नियमही असतात. कोण आत येणार, कुठे बसणार, कोणत्या नळाचं पाणी पिणार. सॉफ्टवेअरच्या भाषेत सांगायचं तर फीचर लिस्ट सगळे बघतात, परमिशन्स कुणी वाचत नाही.

या परमिशन्स बघायच्या असतील तर साताऱ्याला जावं लागतं.

7 नोव्हेंबर 1900 रोजी भीमराव आंबेडकरांचं नाव साताऱ्याच्या सरकारी इंग्रजी शाळेच्या पटावर चढलं. हा दिवस महाराष्ट्रात आता विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो. शाळेतल्या दिवसांबद्दल बाबासाहेबांनी नंतर लिहून ठेवलं आहे. बसायला त्यांचं वेगळं गोणपाट होतं आणि ते रोज घरी न्यावं लागे, कारण शाळा झाडणारा नोकरही त्याला हात लावत नसे. तहान लागली तर नळ स्वतः सोडायची मुभा नव्हती. शिपायाने सोडला तरच पाणी. शिपाई नसेल तर तहानलेलंच राहायचं. म्हणजे शाळेत नळ होता, पाणीही होतं. सोयींच्या यादीत त्यापुढे बरोबरची खूणच पडली असती.

त्याच काळात कोल्हापुरात शाहू महाराज दुसऱ्या बाजूने हा प्रश्न सोडवत होते. खेड्यातल्या पोराला शहरात शिकायचं तर फीच्या आधी राहण्याजेवण्याचा प्रश्न येई. 1901 मध्ये मराठा विद्यार्थ्यांचं वसतिगृह उभं राहिलं, पाठोपाठ जैन, लिंगायत, मुस्लीम आणि इतर समाजांची. अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क वसतिगृह निघालं. वेगवेगळ्या जातींची माणसं एका पंगतीला बसायला तयार नसण्याचा तो काळ. त्यामुळे वसतिगृहं वेगळी आणि चुलीही वेगळ्या. हजारो मुलं त्यातून शिकली, हे त्या योजनेचं मोठेपण. पण भिंती राहिल्या.

कोल्हापूरच्या जैन वसतिगृहात कुंभोजचा एक मुलगा राहत होता, भाऊराव पाटील. मिस क्लार्क वसतिगृहाच्या कार्यक्रमाला तो गेला. परतल्यावर शुद्धीसाठी अंघोळ करायला सांगितलं तेव्हा त्याने नकार दिला आणि त्याला वसतिगृह सोडावं लागलं, असं त्याच्या चरित्रात सांगतात.

याच भाऊरावांनी 1919 मध्ये कराडजवळच्या काले इथे रयत शिक्षण संस्था काढली आणि 1924 मध्ये ती साताऱ्याला आणली. तिथे त्यांनी सगळ्या जातिधर्मांच्या मुलांसाठी एकच वसतिगृह सुरू केलं. त्याच्या नकाशाचा केंद्रबिंदू वर्गखोली नव्हती. तो होता स्वयंपाकघर. एक चूल, एक पंगत. मुलं स्वतः भाकऱ्या थापत, पाणी भरत, शेतात राबत. 1927 मध्ये गांधीजी तिथे आले आणि वसतिगृहाला छत्रपती शाहूंचं नाव दिलं गेलं. वेगवेगळ्या चुलींची वसतिगृहं काढणाऱ्या राजाचं नाव एका चुलीच्या वसतिगृहाला मिळालं. यात विसंगती नाही. पहिली पायरी होती म्हणून दुसरी चढता आली.

ही चूल पेटती ठेवणं सोपं नव्हतं. भाऊराव गावोगाव फिरून मदत गोळा करत. घरात दाणा नसे तेव्हा लक्ष्मीबाईंनी दागिने मोडले आणि शेवटी मंगळसूत्रही. इमारतनिधीच्या पाटीवर अशा देणगीची नोंद होत नाही.

रयत हीसुद्धा सरकारी नव्हे, खासगीच संस्था. तेव्हा खासगीचा अर्थ 'सरकार करत नाही ते आपण करू' असा होता. आज तो 'ज्याला परवडेल त्याचं' असा झाला आहे.

2009 च्या शिक्षण हक्क कायद्याला जोडलेली सोयींची यादी साधी आहे. प्रत्येक शिक्षकामागे एक वर्गखोली, मुलामुलींची वेगळी स्वच्छतागृहं, पिण्याचं पाणी, अडथळा नसलेला प्रवेश, मैदान, कुंपण. त्याच कायद्याने विनाअनुदानित खासगी शाळांत पहिलीच्या पटाच्या किमान 25 टक्के जागा वंचित आणि दुर्बल घटकांतल्या मुलांना देणं बंधनकारक केलं. फेब्रुवारी 2024 मध्ये महाराष्ट्र सरकारने नियम बदलला. एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल, तर खासगी शाळेला यातून सूट. जुलैमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो बदल रद्द केला. एक किलोमीटर म्हणजे चालत पंधरा मिनिटं. तेवढ्या अंतरावर दोन वेगळ्या चुली पेटल्या असत्या.

अर्थात प्रवेश मिळाला म्हणून पंगत मिळते असं नाही. नळ असून तहान भागत नव्हती, हे साताऱ्याच्या त्या शाळेने दाखवलंच आहे. म्हणून कॅम्पस बघायला जाल तेव्हा स्विमिंग पूल जरूर बघा, पण डबा खायची सुट्टी होईपर्यंत थांबा. 25 टक्क्यांतली मुलं कुणाशेजारी बसून डबा उघडतात, ते बघा. शाळेचा खरा नकाशा तिथे दिसेल.