दंड, बैठका आणि हुकमाची कवायत

खोपोलीच्या शिळफाट्याहून बोरघाट चढून गेले की लोणावळा लागते. तेथे १९२४ साली स्वामी कुवलयानंदांनी कैवल्यधाम स्थापन केले आणि त्याच वर्षी ‘योगमीमांसा’ हे त्रैमासिक सुरू केले. त्यांचे नाव आपण योगाशी जोडतो, ते रास्तच आहे. परंतु जगन्नाथ गणेश गुणे या तरुणाचे शरीर प्रथम घडले ते बडोद्यात, राजरत्न माणिकरावांच्या जुम्मादादा व्यायाममंदिरात. योगाचा प्रयोगशाळेत अभ्यास करणाऱ्या या माणसाने १९३६ साली ‘यौगिक संघ व्यायाम’ हे पुस्तक लिहिले, याचे मूळ तेथे शोधावे लागते. आज ज्याला ‘कॅलिस्थेनिक्स’ म्हटले जाते, त्याचा मराठी इतिहास मला या शीर्षकातल्या ‘संघ’ या शब्दात दडलेला दिसतो.

‘कॅलिस्थेनिक्स’ हा शब्द ‘कॅलोस’ म्हणजे सौंदर्य आणि ‘स्थेनोस’ म्हणजे बळ या दोन ग्रीक शब्दांपासून बनला. शब्द ग्रीक असला तरी तो रुजला एकोणिसाव्या शतकातील युरोपात, आणि तोही प्रामुख्याने मुलींच्या शिक्षणाच्या निमित्ताने. क्लियासचे या विषयावरील पुस्तक १८२९ चे आहे. त्याआधीच युरोपात दोन वाटा फुटल्या होत्या. यान याने १८११ साली बर्लिनजवळ हासेनहाइड येथे उघड्यावर आखाडा मांडला. त्यात आडवे दांडे, समांतर दांडे आणि सोबत राष्ट्रवादाचा उघड पुरस्कार होता. लिंग याची १८१३ मधील स्टॉकहोमची संस्था मात्र हुकमाबरहुकूम, मोजूनमापून केलेल्या हालचालींकडे वळली. आजच्या प्रकारांतही हाच भेद थोड्याफार फरकाने टिकून आहे. कोणी आवर्तनांची संख्या वाढवून दम कमावतो, कोणी दांड्यावर देह आडवा धरून निश्चल राहतो, कोणी अंगाला वजन बांधतो, तर कोणी दांड्यावर उड्या-गिरक्यांची मुक्त रचना करतो.

आपल्याकडचा दंड या दोन्ही वाटांत नीट बसत नाही. तालमीतला पठ्ठा वस्तादाच्या नजरेखाली असतो, पण मोजणी त्याची स्वतःची, श्वासही स्वतःचा. साधा दंड, हनुमान दंड, चक्रदंड, मग बैठका. शंभराला शंभर जोडत जायचे. इतरांबरोबर एकाच क्षणी हात उचलण्याची येथे गरजच नाही. शाळांतून इंग्रजी कवायत आली तेव्हा बदलला तो व्यायामापेक्षा त्याचा काळ. वेळ घंटेची झाली आणि श्वास हुकमाचा. माणिकरावांच्या परंपरेने देशी व्यायाम या नव्या रांगेत उभा केला, आणि हुकूमही देशी भाषेत दिले. यात मिळवले काय? हजार मुले एका मैदानात व्यायाम करू लागली. गमावले काय, हे मात्र फारसे कोणी विचारले नाही.

सूर्यनमस्काराचेही असेच. रामदासांच्या नमस्कारांची कथा घरोघरी सांगितली जाते. पण शाळेत, रांगेत, मोजून घालायच्या नमस्कारांचा प्रसार औंधचे भवानराव पंतप्रतिनिधी (१८६८–१९५१) यांनी विसाव्या शतकात केला. त्यांचे इंग्रजी पुस्तक १९३८ साली निघाले. त्यातील मधल्या अवस्था तालमीतल्या दंडाच्या किती जवळच्या आहेत, हे कोणीही करून पाहावे. ‘अनादी’ म्हणून मिरवण्यापेक्षा ही जवळीक मला अधिक मोलाची वाटते. पण अशा प्रसंगी आपल्याला प्राचीनतेचा मोह आवरत नाही, हेही खरे.

मल्लखांबाची स्मृती अधिक जुनी. ‘मानसोल्लास’ हा सोमेश्वराचा बाराव्या शतकातील ग्रंथ त्यासाठी नेहमी पुढे केला जातो. पुनरुज्जीवनाचे श्रेय परंपरा दुसऱ्या बाजीरावाचे गुरू बाळंभटदादा देवधर यांना देते. २०१९ साली मुंबईच्या शिवाजी पार्कवर त्याची पहिली जागतिक स्पर्धा झाली. दोरीवर अंग तोलणाऱ्या मुली आता नवलाच्या राहिलेल्या नाहीत.

या वंशावळीत एक नाव सहसा येत नाही. लहुजी राघोजी साळवे (१७९४–१८८१), लहुजी वस्ताद, यांची पुण्यात तालीम होती. ते मातंग समाजाचे. तरुण जोतीराव फुले त्यांच्याकडे शारीरिक शिक्षण घेत. पुढे अस्पृश्यांच्या मुलामुलींनी शाळेत यावे म्हणून याच लहुजींनी खटपट केली. समाजसुधारणेच्या पुस्तकांत लहुजी भेटतात, पण ते प्रामुख्याने फुल्यांचे सहायक म्हणून. व्यायामाच्या इतिहासात पेशव्यांचे गुरू आणि संस्थानिक भेटतात. जोतीरावांच्या अंगात बळ आले ते कोणत्या तालमीत, हा प्रश्न दोन्हीकडच्या मधल्या जागेत पडून राहतो. वास्तविक त्या काळच्या पुण्यात एका माळ्याच्या मुलाने मातंग वस्तादापुढे शिष्य म्हणून उभे राहणे, ही गोष्ट त्याच्या पहिल्या शाळेच्याही आधीची आहे.