माचिसच्या डबीतला मिरगाचा किडा

जून २००४. मृग लागून चार दिवस झालेत. तुम्ही नऊ वर्षांचे आहात आणि चंद्रपूर जिल्ह्यातल्या मूल गावात टीव्हीपुढे मांडी घालून बसला आहात. कार्टून नेटवर्कवर हिंदीतून पोकेमॉन चालू आहे. मालिकेचा नायक ॲश बटरफ्री या आपल्या फुलपाखराला त्याच्या थव्याबरोबर जाऊ देतोय. ॲशचे डोळे भरून येतात, आणि लाइन जाते. लोडशेडिंग.

पडदा काळा पडतो. त्या काळ्या काचेतून मागे चला.

१६ डिसेंबर १९९७, जपान. याच मालिकेतल्या एका दृश्यात लाल-निळा प्रकाश झपाट्याने लखलखतो आणि तुमच्या शेजारचं पोर आकडी येऊन कोसळतं. त्या रात्री सुमारे ६८५ मुलांना दवाखान्यात न्यावं लागतं. मालिका चार महिने बंद राहते.

१९९९, अमेरिका. मे महिन्यात ‘द सिम्प्सन्स’मधलं कुटुंब जपानला जातं आणि लखलखतं कार्टून पाहून जमिनीवर तडफडतं. नोव्हेंबरात ‘साउथ पार्क’मधली पोरं ‘चिनपोकोमॉन’ नावाच्या खेळण्यांपायी वेडी होतात. दोन्हीकडे लोक पोट धरून हसतात. त्यांच्या पडद्यावर पोकेमॉन म्हणजे डोळे दिपवणारा उजेड आणि खरेदीची हाव, एवढंच.

आणखी मागे चला, तोक्योजवळच्या माचिदाला. सातोशी ताजिरी नावाचा मुलगा झाडाखाली दगड ठेवून जातो. भुंगेरे दिवसा दगडाखाली झोपतात, हे त्याने हेरलंय. सकाळी तो दगड उचलतो आणि त्याचा चेहरा उजळतो. पुढे तिथली तळी बुजतात, शेतांवर इमारती उभ्या राहतात. किडे शोधण्याचा तो आनंद पुढच्या पोरांनाही मिळावा, या ओढीने तो मोठेपणी पोकेमॉन हा १५१ जीवांचा खेळ रचतो. १९९६ साली तो खेळ बाजारात येतो. सगळ्याची सुरुवात त्या उचललेल्या दगडापाशी आहे.

आता मूलला परत या. लाइन अजून आलेली नाही. अंगणात ओल्या मातीचा वास आहे आणि त्या मातीवर लाल मखमलीचा एक ठिपका चालतोय. मिरगाचा किडा! वर्षभर जमिनीत दडून तो पहिल्या पावसाला वर आलाय. बोट लावताच आठही पाय पोटाशी घेऊन तो निपचित पडतो. तुम्ही त्याला माचिसच्या डबीत ठेवता, डबी कानाशी धरता.

‘‘सोडून दे बापू,’’ आजी ओसरीवरून म्हणते, ‘‘जीव हाये त्याले.’’

ॲशचा चेहरा आठवतो. तुम्ही डबी उघडून मातीवर टेकवता. किडा थोडा थांबतो, मग पाय सोडतो आणि चालू लागतो.

आत लाइन येते. टीव्ही मोठ्याने बोलू लागतो. तुम्ही उकिडवेच बसून राहता, तो ढेकळाआड जाईपर्यंत.

ताजिरींची तळी बुजली. तुमचं अंगण अजून ओलं आहे.