बदकांची बंदूक घरात आली

रात्री दाराशी खुडबुड झाली की आपल्याकडे घरधनी आधी मोठ्याने खाकरतो, "कोण आहे?" म्हणून विचारतो आणि कोपऱ्यातली काठी हाती घेतो. अमेरिकेत अशा वेळी पुष्कळांचा हात बंदुकीकडे जातो. घरासाठी कोणती बंदूक घ्यावी असा विषय निघाला, की तिकडचे बरेच जाणकार पंपाच्या बंदुकीचे नाव घेतात. गंमत अशी, की ही बंदूक मुळात घरासाठी जन्मलीच नव्हती. ती घरात कशी शिरली, ते आज पाहू.

आधी तिची रचना समजून घेऊ. ही छर्ऱ्यांची बंदूक. मुख्य नळीखाली दुसरी एक नळी असते. तीत काडतुसे एकामागे एक ओळीने बसतात. डाव्या हाताखाली सरकती मूठ असते. सायकलच्या पंपाप्रमाणे ती मागे ओढली की उडालेल्या काडतुसाचे टरफल बाहेर पडते. पुढे ढकलली की नवे काडतूस आत जाते. सारे काम हाताच्या जोरावर. म्हणून यंत्र साधे, किंमत बेताची, आणि काडतूस हलके असो की भारी, बंदूक सहसा अडत नाही. 'बारा बोअर' हा शब्द तर आपल्या खेड्यांतही ठाऊक आहे. एक पौंड शिशाच्या सारख्या बारा गोळ्या केल्या, तर त्यांतली एक जेवढी जाड तेवढे त्या नळीचे तोंड. वीस बोअरची नळी अर्थातच त्याहून बारीक.

ख्रिस्तोफर स्पेन्सर याने 1882 च्या सुमारास अशी बंदूक बाजारात आणली. पण तिला घरोघर नेले ते जॉन ब्राउनिंगने. युटामधल्या ऑग्डेन गावच्या बंदूक-कारागिराचा हा मुलगा. विंचेस्टर कंपनीने त्याच्याकडे खटक्याच्या दांड्याची बंदूक मागितली. पंपाची अधिक चांगली होईल, असे त्याचे मत होते. तरी 1887 मध्ये त्याने मागितली ती करून दिली. पुढे 1893 मध्ये त्याची पंपाची बंदूक आली आणि धूर न करणाऱ्या दारूसाठी ती मजबूत करून 1897 चा नमुना निघाला. 1957 पर्यंत त्याच्या दहा लाखांहून अधिक बंदुका तयार झाल्या.

तिचे गिऱ्हाईक म्हणजे मुख्यतः शेतकरी आणि बदकांचे शिकारी. एकापाठोपाठ बार काढता येऊ लागल्यावर पाखरांची काय गत झाली असेल, ते सांगायला नको. अखेर 1935 मध्ये सरकारने नियम केला, की पाणपक्ष्यांच्या शिकारीला बंदुकीत तीनच काडतुसे ठेवता येतील.

मधल्या काळात तिने महायुद्धही पाहिले. 1917 मध्ये अमेरिका युद्धात उतरली, आणि आखूड नळीची, संगीन लावलेली ही बंदूक फ्रान्समधल्या खंदकांत गेली. सप्टेंबर 1918 मध्ये जर्मनीने निषेध केला, की हे शस्त्र विनाकारण यातना देते. ते बाळगणारा कैदी जिवाला मुकेल. अमेरिकेने तो दावा फेटाळला आणि तसे झाल्यास आम्हीही बदला घेऊ, असे बजावले. दोन महिन्यांत युद्धच संपले.

पुढे दारूबंदीच्या काळातल्या टोळ्यांनी कापलेल्या नळ्यांच्या बंदुका कोटाखाली लपवल्या. त्यावर 1934 चा कायदा आला. अठरा इंचांहून आखूड नळी असेल तर नोंदणी, आणि त्या काळी 200 डॉलर कर! घरासाठी विकल्या जाणाऱ्या बंदुकीची नळी आजही अठरा इंचांच्या थोडी वरच असते, ती यामुळे. 1950 मध्ये रेमिंग्टनची '870' आणि 1961 मध्ये मॉसबर्गची '500' आली. दोन्ही स्वस्त आणि टिकाऊ. पोलिसांनी घेतल्या, तशा सामान्य माणसांनीही घेतल्या.

आता निवडीचे बघा. बारा बोअरचा धक्का खांद्याला चांगलाच बसतो. म्हणून हलक्या अंगाच्या माणसाला वीस बोअर आणि आखूड दस्ता सोयीचा. '870' चा अटकाव घोड्यामागे आडवा असतो, '500' चा पाठीवर. डावखुऱ्याला दुसरा सोपा. पण दोन समजुती मात्र साफ चुकीच्या. छर्रे खोलीभर पसरतात, नेम नको, असे लोक म्हणतात. खोलीच्या अंतरावर ते थोडेच पसरतात. नेम धरावाच लागतो. पंपाचा आवाज ऐकून चोर पळतो, म्हणतात. पळेलही, पण त्या भरवशावर राहणे खरे नव्हे. घाबरलेल्या हाताने मूठ अर्धीच ओढली, तर काडतूस अडकते. आणि मोठे छर्रे तिकडच्या घरांच्या पातळ आतल्या भिंतींतून पलीकडे जातात. पलीकडे कोण निजले आहे?

खरा पेच इथेच आहे. वॉशिंग्टन शहराचा नियम होता, की घरातली बंदूक रिकामी आणि सुटी करून किंवा चापाला कुलूप घालून ठेवावी. 2008 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द केला. कारण स्वसंरक्षणाच्या क्षणी अशी बंदूक कामाची नाही. आडरानातल्या शेतकऱ्याला हे पटते. पोलीस पोचायला त्याच्याकडे फार वेळ लागतो. पण कुलूप काढले, की तीच बंदूक लेकराच्या हाताशी येते. 1993 मध्ये तिकडच्या डॉक्टरांनी एक पाहणी प्रसिद्ध केली. घरात बंदूक असली की तिथे खून होण्याचा संभव सुमारे पावणेतीनपट दिसला, आणि मारणारा बहुधा घरचा किंवा ओळखीचाच. शिवाय तिकडे बंदुकीने होणाऱ्या मृत्यूंत निम्म्याहून अधिक आत्महत्या असतात. दुःखाच्या एका रात्री मनाला आवर घालायला तेवढे कुलूपच असते.

म्हणून तिकडचा शहाणा गृहस्थ दुकानात जाण्याआधी आपलेच घर एकदा फिरून पाहतो. दाराची कडी पक्की आहे का? मुले कोणत्या खोलीत निजतात? घरात कोणी खचलेले आहे का? किल्ली कोणापाशी राहील? तळ्याकाठी या बंदुकीपुढे फक्त बदके होती. घरात मात्र आपलीच माणसे असतात, आणि रात्रीच्या अंधारात ती ओळखू येत नाहीत.