फिनेलची बादली आणि लष्करी बूट

2021च्या मे महिन्यात आमची ही कोविडमधून उठली आणि तिच्या खोलीची सफाई माझ्या वाट्याला आली. हायपोक्लोराइट पाण्यात मिसळायचं, कड्या, बटणं, पलंगाची चौकट पुसायची, दहा मिनिटं ओलं राहू द्यायचं, चादरी गरम पाण्यात टाकायच्या. फौजी माणूस, काम रीतसर चाललं होतं. तेवढ्यात बाहेरून आवाज आला, "अहो, देवघराला ते औषध लावू नका हं!"

त्या वाक्याने मी थेट 1897च्या पुण्यात पोचलो.

सप्टेंबर 1896मध्ये मुंबईच्या मांडवीत डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेग ओळखला. फेब्रुवारी 1897मध्ये साथरोगांचा कायदा झाला. पुण्यात प्लेग समितीचे अध्यक्ष म्हणून वॉल्टर रँड आले आणि त्यांच्या दिमतीला सुमारे 900 अधिकारी-शिपाई. एक तुकडी रुग्ण शोधणारी, दुसरी घर धुणारी, तिसरी चुना फासणारी. रुग्ण इस्पितळात, घरचे लोक छावणीत. मागे घरात कार्बोलिकचे फवारे, जमीन उकरलेली, उजेड यावा म्हणून कौलं काढलेली, अंथरुणं-कपडे अंगणात जाळलेले.

बायकांचा मुद्दाम अपमान झाल्याची एकही विश्वासार्ह तक्रार नाही, असं समितीने आपल्या अहवालात समाधानाने लिहिलं. पुणेकर वेगळंच सांगत होते. गोखल्यांनी विलायतेत शिपायांवर आरोप केले. पुरावा उभा राहीना म्हणून परत येऊन त्यांना माफी मागावी लागली. तक्रार करायची कोणी आणि कोणाकडे, हा माझा साधा प्रश्न आहे.

आता यातली कडू गंमत ऐका. एवढं सगळं करून नेम चुकलाच होता. 1898मध्ये कराचीत पॉल-लुई सिमाँ यांनी दाखवलं की प्लेग उंदरावरची पिसू पसरवते. त्यांना बरीच वर्षं कोणी फारसं विचारलं नाही. 1905नंतर मुंबईत प्लेग आयोगाने प्लेगच्या घरांत गिनीपिग ठेवून पाहिले. बारीक जाळीच्या पिंजऱ्यातले वाचले, उघड्यावरचे आजारी पडले. हवा तीच, घर तेच, फरक पिसवेचा. भिंती-जमिनी धुऊन उंदीर थोडेच संपतात? ते शेजारच्या वाड्यात. अर्थात 1897च्या माणसाला हे ठाऊक नव्हतं, त्याबद्दल मी रँडला दोष देणार नाही.

दोष देईन तो पद्धतीला. 22 जून 1897च्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर चाफेकर बंधूंनी रँड आणि लेफ्टनंट आयर्स्ट यांच्यावर गोळ्या झाडल्या. पुढे चाफेकर फासावर गेले आणि टिळकांना राजद्रोहाखाली तुरुंग झाला, हे तुम्ही शाळेत शिकलात. त्या शिपायांबद्दल मात्र शाळेत काही शिकवत नाहीत.

मी घरझडती घेतलेली आहे. कॅप्टन असताना, ईशान्येत, पावसात. हुकुमात स्पष्ट लिहिलं होतं, घरच्यांशी सभ्यतेने वागा. माझे जवान वागलेही. पण झोपडी एवढीशी, आत सहा माणसं, चिखलाचे बूट चुलीपर्यंत गेलेच. काही सापडलं नाही. मी म्हातारीला हात जोडून बाहेर पडलो. वळून पाहिलं, तर तिने आम्ही सरकवलेलं मडकं अंगणात आणलं होतं आणि भर पावसात ती ते राखेने घासत बसली होती.