कॉप्स : धर्मग्रामांतून उभी राहिलेली नागरी संघटना

अमेरिकेतील टेक्सास राज्याच्या सॅन अँटोनियो शहरात १९७४ साली ‘कम्युनिटीज ऑर्गनाइज्ड फॉर पब्लिक सर्व्हिस’ अर्थात ‘कॉप्स’ ही संघटना स्थापन झाली. शहराच्या पश्चिम भागातील, मेक्सिकन वंशाच्या श्रमिकांचे कॅथोलिक धर्मग्राम हा तिचा पाया होय. एर्नेस्टो कॉर्तेस हे संघटक, तर आंद्रेस साराबिया हे पहिले अध्यक्ष होते.

संघटनेने प्रथम घरोघरी बैठका घेऊन प्रापंचिकांच्या व्यथा ऐकल्या. सर्वांत मोठी व्यथा होती पुराची. गटारांअभावी दर मोठ्या पावसात घरांत पाणी शिरत असे. रहिवाशांनी नगरपालिकेची कागदपत्रे तपासली, तेव्हा एका गटाराची योजना १९४५ पासून आराखड्यात असूनही निधीअभावी पडून असल्याचे आढळले. ऑगस्ट १९७४ च्या पुरानंतर शेकडो रहिवाशांनी अधिकाऱ्यांसमोर हा पुरावा मांडला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये मतदारांनी जलनिस्सारणासाठी ४ कोटी ६८ लाख डॉलर्सच्या कर्जरोख्यांस संमती दिली.

आधी ऐकणे, मग अभ्यास, त्यानंतर जाहीर सभेत संबंधित अधिकाऱ्यास नेमका प्रश्न विचारून स्पष्ट उत्तर घेणे आणि शेवटी स्वतःच्या कामाचे परीक्षण, ही तिची कार्यपद्धती. संघटना कोणत्याही उमेदवारास पाठिंबा देत नाही. त्यामुळे कोणत्याही पक्षाच्या अधिकाऱ्याशी तिला बोलता येते.

एकट्याचे गाऱ्हाणे दफ्तरात पडून राहते. धर्मग्राम अभ्यासपूर्वक एकत्र आला, की शेजारप्रेमाची आज्ञा गटारासारख्या साध्या कामातूनही पाळली जाते.