स्नोआरएनए : यीस्ट पेशीतील निर्मिती आणि संस्करण

पेशीकेंद्रकातल्या न्यूक्लिओलस या भागात रायबोसोम घडतात. तिथे काम करणाऱ्या लहान आरएनए रेणूंना स्नोआरएनए म्हणतात. त्यांच्या अभ्यासाची वाट वाइनच्या यीस्टकडे जाते. जुन्नर तालुक्यात नारायणगावला १९८०च्या दशकात शामराव चौगुले यांच्या इंडेज कंपनीने फेसाळ वाइन करायला सुरुवात केली. अशा वाइनचा फेस बाटलीतल्या दुसऱ्या किण्वनातून येतो आणि ते किण्वन करते सॅकरोमायसिस सेरेव्हिसी हे यीस्ट. त्याच जातीच्या प्रयोगशाळेतील वाणांनी स्नोआरएनएविषयीचे बरेचसे मूलभूत ज्ञान दिले आहे. जोमाने वाढणारी यीस्ट पेशी मिनिटाला सुमारे २,००० रायबोसोम तयार करते. त्यासाठी तिच्याकडे सुमारे ७५ प्रकारचे स्नोआरएनए असतात. बहुतेक स्नोआरएनए रायबोसोमच्या आरएनएवर नेमक्या जागी रासायनिक बदल घडवून आणतात : ‘सी/डी’ गटातले मिथिल गट जोडण्यासाठी वाट दाखवतात, ‘एच/एसीए’ गटातले युरिडिनचे स्यूडोयुरिडिन करण्यासाठी. यू-३ सारखे थोडे रेणू रायबोसोमच्या आरएनएचा लांब पूर्वरेणू कापण्याच्या कामी येतात.

या रेणूंची जनुके तीन तऱ्हांनी मांडलेली आहेत. बहुतेक एकेकटी, काही एकाच लांब पूर्वरेणूत ओळीने, तर थोडी दुसऱ्या जनुकांच्या इंट्रॉनमध्ये, म्हणजे आरएनएतून कापून काढल्या जाणाऱ्या भागात. ओळीने आलेले रेणू आरएनटी-१ हे विकर केसाच्या आकड्यासारख्या दुपदरी वळणापाशी कापून सुटे करते. एकेकट्या रेणूंपैकीही अनेकांची सुरुवात तेच कापते. इंट्रॉनमधला रेणू आधी फासाच्या आकारात बाहेर पडतो आणि डीबीआर-१ तो फास उकलते. मग रॅट-१ आणि एक्सआरएन-१ पुढच्या टोकाकडून आरएनए कुरतडतात, एक्झोसोम आणि आरआरपी-६ मागच्या टोकाकडून. हीच विकरे पेशीतला टाकाऊ आरएनए पार संपवतात. मग स्नोआरएनएपाशीच ती का थांबतात? कारण तोवर त्याच्यावर प्रथिने घट्ट बसलेली असतात. त्यांपैकी नॉप-५८ हे प्रथिन काढून घेतले की सी/डी गटाचे रेणू टिकत नाहीत. सीबीएफ-५ हे प्रथिन काढले की एच/एसीए गटाचे नाहीसे होतात. जनुक शाबूत असते, लेखनही चालू असते, तरी रेणू उरत नाही. म्हणून प्रथिनांची जुळणी आणि टोकांची छाटणी हे एकच काम मानले पाहिजे. छाटणी हीच जुळणीची परीक्षा आहे, आणि जनुकांची मांडणी कशीही असो, रेणूचे टोक प्रथिनेच ठरवतात.

यावर एक आक्षेप वजनदार आहे. बहुतेक स्नोआरएनएची जनुके एकेक करून काढली तरी यीस्ट जगते. मग एवढी काटेकोर तपासणी कशासाठी? पहिले उत्तर म्हणजे यू-३, यू-१४ आणि एसएनआर-३० यांच्याविना ते जगतच नाही. दुसरे असे की सीबीएफ-५ जागेवर ठेवून त्याची फक्त रासायनिक क्रिया बंद पाडली, तरी वाढ फार मंदावते. म्हणजे एकेक बदल क्षुल्लक वाटला तरी त्यांची बेरीज क्षुल्लक नाही. शिवाय प्रयोगशाळेत भरपूर पोषणावर वाढणे वेगळे आणि द्राक्षरसात साखर, वाढता मद्यार्क व संपत आलेला नायट्रोजन सोसत वाढणे वेगळे. पहिल्या परिस्थितीत निरुपयोगी ठरलेला रेणू दुसऱ्या परिस्थितीतही निरुपयोगीच असेल, असे मानायला आधार नाही.

दुसरा आक्षेप असा, की माणसात बहुतेक स्नोआरएनए इंट्रॉनमधूनच येतात, तेव्हा यीस्टवरून तिथले काय कळणार? उगमाची वाट वेगळी आहे, हे खरेच. पण गाभ्याची प्रथिने तीच आहेत. सीबीएफ-५चा मानवी भाऊबंद म्हणजे डिस्केरिन. त्याच्या जनुकातले दोष डिस्केराटोसिस कंजेनिटा या आनुवंशिक रोगाला कारण ठरतात, हे १९९८ मध्ये दिसून आले. या रोगात अस्थिमज्जा निकामी होते. मात्र गुणसूत्रांची टोके राखणाऱ्या मानवी टेलोमरेज विकराचा आरएनएही डिस्केरिनवरच टिकतो आणि रोगात त्याचा वाटा मोठा आहे. यीस्टच्या टेलोमरेजची रचना निराळी असल्याने हा भाग यीस्टवरून समजत नाही.